ओल्या लोकरीचा वास

"अगं बये, लेबल काय वाचत बसलीस? लेबल म्हणजे स्थळ सांगून आलेल्या नवरदेवाचं वय. ऐकायचं, मान डोलवायची आणि आपण आपलं तपासायचं. मूठ आवळ. आवळलीस? आता सोड. उठलं का परत?"

"उठलं की, आई."

"कसं उठलं? आपण होऊन, का मागनं कुणी ढकलल्यासारखं?"

सून खुदकन हसली. "ढकलल्यासारखं."

"मग ती लोकर नाही. लोकर मूठ सोडायच्या आधीच उठायला बघते. हे नुसतं लोकरीचं सोंग. दे तिकडं टाकून."

सुनेनं ते पांढरं स्वेटर डाव्या अंगाच्या जाळीच्या पिंजऱ्यात भिरकावलं आणि पुढचं उचललं.

जुन्या कपड्यांच्या त्या शेडमध्ये मावशीला मावशी म्हणत नसे असं कुणी नव्हतं. सख्खी सून तेवढी आई म्हणायची. घरी सासू आणि कामावरही सासू, एकाच टेबलाला. बायका सुनेची कीव करायच्या. मावशी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तिची कसली कीव करता? ती घरी जाऊन नवऱ्यापाशी माझी चुगली करते आणि मोकळी होते. मी कुणाकडं जाऊ?"

शेड ऐसपैस होती. वर पत्रा, उंचावर धुळीनं आंधळ्या झालेल्या खिडक्या, खाली सिमेंटची जमीन. घराघरांतून, हॉटेलांतून, दवाखान्यांतून टाकून दिलेले कपडे ट्रकनं यायचे आणि दारात डोंगर करून पडायचे. आत चार टेबलं. सुती कपडा पहिल्या टेबलाला. तो चिरून यंत्रं पुसायच्या चिंध्या व्हायच्या. लोकर दुसऱ्या टेबलाला. ती गिरणीत जाऊन पिंजली जायची, तिचा पुन्हा धागा निघायचा आणि घोंगड्या-ब्लँकेटं व्हायची. पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक असला सगळा कारखान्यातला जन्म तिसऱ्या टेबलाला. त्यांना शेडमध्ये एकच नाव, वितळे. जाळ दाखवला की जळायच्या आधी वितळतात म्हणून वितळे. त्यांचं पिंजून उशा-गाद्यांत भरण व्हायचं. आणि अगदी दाराशी, जिथं वाऱ्यानं डोळ्यांत धूळ जायची तिथं चौथं टेबल, बटणं आणि चेनी कापून काढायचं. त्याला अक्कल लागत नाही असं बाकीच्या तिन्ही टेबलांचं मत होतं. पहिलं टेबल, दुसरं टेबल, असं म्हणायचे खरं, पण मान दुसऱ्यालाच. लोकरीला भावही जास्त आणि तिच्यात फसवणूकही जास्त.

लोकरीच्या टेबलाला मावशी एकतीस वर्षं बसली होती.

आली तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि तिला कापूस आणि लोकर यांतला फरक एवढाच ठाऊक होता, की एक झाडाला लागतो आणि दुसरी मेंढीला. शिकवलं एका म्हातारीनं. म्हातारी बोलायची कमी आणि टपली जास्त मारायची. एकेक केस ओढून काढायला लावायची, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून चोळायला लावायची. लोकरीचा केस चोळला की एकाच दिशेनं सरकत जातो. अंगाला बारीक खवले असतात ना, उलट्या बाजूनं तो जायलाच तयार होत नाही. वितळ्याचा केस जिथल्या तिथं गुळगुळीत फिरतो, त्याला ना मूळ ना शेंडा. हे ध्यानात यायला मावशीला पाच महिने लागले. त्यानंतर मात्र तिला बघायचीही गरज उरली नाही. गप्पा मारता मारता हात चालायचा. ढिगात हात घातला की लोकर आपण होऊन बोटांना येऊन भेटायची. डोळे बांधून चाळीस कपडे निवडायची पैज तिनं तीनदा जिंकली. चौथ्यांदा कुणी लावलीच नाही.

धाग्यांवरनं माणसं ओळखायची खोड तिला तेव्हापासूनच लागली. नवरा तिच्या हिशेबी सुती होता. धुतला की आटायचा, उन्हात विटायचा, पण दिवसभराचा घाम मुकाट्यानं पिऊन घ्यायचा. नऊ वर्षांपूर्वी गेला. सासू लोकर. टोचायची फार, पण पोराच्या आजारपणात तिचीच ऊब कामाला आली. पोरगा नायलॉन. ओढाल तेवढा ताणतो, बायको आणि आई दोघींकडं एकाच वेळी, आणि जरा तापवलं की गोळा होऊन बसतो. आणि सून? ती लग्न होऊन आली तेव्हा मावशीनं शेजारणीला सांगून टाकलं होतं, "रेयॉन आहे. दिसायला रेशीम, पण भिजली की फाटणार." रेयॉन तसंच असतं. कोरडं असताना झुळझुळ करतं आणि ओलं झालं की अवसान गाळतं. सूनही पहिल्या वर्षी ऊठसूट रडायची. आता रडत नसे. पण मावशी एकदा लावलेलं लेबल काढायला राजी नव्हती. दुसऱ्याचं लेबल खोटं, तिचं तेवढं खरं.

गेल्या थंडीत काहीतरी झालं.

आधी उजव्या हाताचा अंगठा आणि त्याला लागून असलेली दोन बोटं सकाळी झोपेतून उशिरा उठायला लागली. मग दुपारपर्यंत उठेनाशी झाली. एके दिवशी चुलीवरची पातेली तिनं फडक्याशिवाय उचलली, ओट्यावर ठेवली, आणि कातडी पांढरी पडलेली बघून तिला कळलं की आपल्याला भाजलं आहे. दवाखान्यातल्या बाईनं मनगट दाबून पाहिलं, हातोडीनं टकटक केलं आणि सांगितलं, शीर दबली आहे, फार वर्षांची आहे, आता बोटांत पहिल्यासारखं येईलच असं नाही. मावशीनं कागद घडी घालून पिशवीच्या तळाशी घातला आणि घरात अळीमिळी गुपचिळी.

हात गेला तरी एकतीस वर्षं थोडीच जातात? तिनं दुसऱ्या वाटा काढल्या. कपडा उचलून घाम पुसल्यासारखा गालाला लावायचा. लोकर गालाला चटकन गार लागत नाही. टरकन फाडून आवाज ऐकायचा. आणि सगळ्यांत खात्रीचं म्हणजे नाक. लोकर कितीही धुवा, मेंढी तिच्यातून पुरती जात नाही. नाकाशी धरलं की सापडतेच. ह्या तिन्हीवर मावशीचं टेबल अख्खी थंडी आणि वर दोन महिने चाललं. सुनेला जवळ घेऊन ती हल्ली जास्तच शिकवायला लागली होती. मूठ आवळ म्हणायची, स्वतः आवळायची नाही. बायकांना वाटायचं, म्हातारपणी मावशी मवाळ झाली.

आता परत त्या सकाळकडं. सासूसुनांचं मूठ आवळणं चाललं होतं, तेवढ्यात दारात हातगाडी वाजली. गाडीवर पांढऱ्या लोकरीचा एक गठ्ठा होता, वरच्या पट्ट्या तोडलेल्या, कपडे बाहेर लोंबणारे. मागून मुकादम आला. हा मुकादम पूर्वी इथंच ट्रक रिकामे करायचा. बाकीच्या बायका त्याला अहोजाहो करायच्या, मावशी अजून अरेतुरे.

"कुणाचं मढं आणलंस रे?" मावशी म्हणाली.

मुकादम हसला नाही. त्यानं खिशातून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. एक होती तीन गाठी मारलेली लाल पट्टी. प्रत्येक टेबलाची आपली पट्टी असायची. गठ्ठा दाबायच्या आधी ती आत टाकायची, म्हणजे माल कुणाच्या हातचा ते पुढं कळावं. तीन गाठींची लाल पट्टी लोकरीच्या टेबलाची. दुसरी वस्तू म्हणजे वीतभर निळं कापड. गर्द निळं, आणि त्यात जागोजाग पांढरे केस. कुणी निळ्या सतरंजीवर बसून पांढरी दाढी करावी तसं.

शेडमधल्या कात्र्या थांबल्या.

काय झालं ते कुणाला सांगावं लागलं नाही. गिरणी कुठलाही गठ्ठा सगळा पिंजण्याआधी वरचे चार कपडे काढून त्यांचा नमुना रंगवते. लोकरीचा रंग लोकरच पिते. वितळा त्यात तासभर उकळला तरी पालथ्या घड्यासारखा कोरा बाहेर येतो. पांढरे केस म्हणजे वितळे, आणि थोडेथोडके नव्हेत.

"एकतीस वर्षांत पहिल्यांदा, मावशी," मुकादम म्हणाला. "वहीत बघितलं. हा गठ्ठा तुम्ही तापानं पडला होता त्या आठवड्यातला. आठ दिवस टेबलावर तुमची सून होती. शेवटच्या दिवशी तुम्ही आलात आणि गठ्ठा दाबला गेला. म्हणजे हिशेब सरळ आहे."

हिशेब सरळ होता आणि त्याचं पुढचं पाऊलही सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याचा गठ्ठा परत, त्याचं टेबल गेलं. हा नियम मालकाचा नव्हता. मावशीचा होता. सात वर्षांपूर्वी सुती टेबलाच्या एका बाईचा गठ्ठा परत आला. जाड भिंगांचा चष्मा लावायची, म्हणून तिला भिंगवाली म्हणत. तिनं पॉलिस्टर मिसळलेले शर्ट सुती म्हणून घातले होते आणि कारखान्यात त्या चिंध्या तेल पुसायचं सोडून पसरवायला लागल्या. तेव्हाचा मुकादम म्हणाला होता, एवढ्या वेळी सोडून देऊ. मावशीच उभी राहिली होती. "आज हिला सोडलं तर उद्या गिरणी आपल्याला सोडणार आहे का?" भिंगवाली त्या दिवसापासून दाराशी बटणं काढत बसली. सात वर्षांत तिनं मावशीला उद्देशून एकच शब्द वापरला होता, "सरका."

आताही ती कात्री हातात धरून भिंगांआडून बघत होती.

मावशी गठ्ठ्याकडं बघत होती. गठ्ठा कसा भरतात हे तिला कुणी सांगायला नको होतं. पहिला दिवस तळाला, शेवटचा दिवस वर. गिरणीनं नमुना वरचा काढला होता. वरचा थर म्हणजे ती तापातून उठून आली तो दिवस. तिचा.

तिनं तोंड उघडलं. तेवढ्यात सून म्हणाली, "माझ्याच हातून झालं, मुकादम. नवीन हात होता. घोटाळा झाला."

मावशीचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

पुढं पुष्कळ दिवस तिला त्या मिटलेल्या तोंडाचीच लाज वाटत राहिली. बोटांची नाही. मुकादमानं मान हलवली, उद्यापासून बटणांच्या टेबलाला बस म्हणून सुनेला सांगितलं, संध्याकाळच्या ट्रकच्या आत गठ्ठा पुन्हा निवडून द्या म्हणाला आणि गेला. कात्र्या परत चालू झाल्या. आणि एकतीस वर्षं कुणाचं ऐकून न घेतलेली बाई टेबलाच्या कडेला धरून मुकी उभी राहिली.

जेवणाची घंटा झाली. बायका डबे घेऊन सावलीला गेल्या. मावशीनं गठ्ठ्याच्या वरनं एक मळकट पांढरं स्वेटर ओढलं, पदराआड घेतलं आणि मागच्या पाण्याच्या टाकीपाशी गेली. शेडमध्ये जाळ करायला सक्त मनाई. काही जाळून बघायचं तर टाकीजवळच्या सिमेंटच्या कट्ट्यावर, बादली शेजारी ठेवून. कट्ट्यावर काळे डाग पडलेले असायचे.

तिनं आधी स्वेटर नाकाशी धरलं. मेंढी. स्पष्ट मेंढी. मग काठाचा एक धागा तोडून काडी लावली.

लोकर अशी पेटत नाही. तिला जाळ नकोच असतो. आक्रसते, केस जळल्याचा वास सोडते, काडी काढली की विझते आणि राख बोटांत चुरली तर भुगा होतो. हा धागा भसकन पेटला, काळी काजळी सोडत थेंबथेंब गळला आणि कट्ट्यावर खड्यासारखा काळा गोळा होऊन बसला. घशात खवखवणारा धूर. मावशीनं स्वेटर परत नाकाशी नेलं. मेंढीच.

तेव्हा तिला तो दिवस आठवला. ट्रकची ताडपत्री फाटली होती आणि अख्खा ढीग ओला आला होता. लोकर ओली झाली की मेंढी जागी होते. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी पिऊन ओली दिसतही नाही, पण वास सोडते. त्या ओल्या लोकरीत रात्रभर दाबून पडलेल्या वितळ्यांनाही तोच वास लागला होता. आणि तापानं डोकं जड झालेली मावशी एकेक कपडा नाकाशी नेऊन, हो, लोकर, हो, लोकर, असं म्हणत गठ्ठ्यात घालत गेली होती. बोटं जागी असती तर पहिल्याच कपड्याला शिव्या देऊन त्यांनी तो फेकला असता. कुठल्याही नवशिक्या पोरीनं ही चूक केली नसती. नवशिकी पोर वासावर कधी जातच नाही.

"भाजलं बिजलं नाही ना, आई?" सून मागं उभी होती. दोघींचे डबे हातात.

"नाही."

"कळलं तरी असतं का?"

मावशीनं वळून बघितलं. सुनेनं डबे कट्ट्यावर ठेवले आणि सासूचा उजवा हात धरला, भाजी घेताना भेंडी मोडून बघावी तसं बोटाचं टोक दाबलं.

"कधीपासून ठाऊक आहे तुला?" मावशी म्हणाली.

"पातेली उचललीत तेव्हापासून. मी दारातच होते. आणि पिशवीतला तो कागद. पिशवी धुवायची असते, आई. तुम्ही कधी धुतली होतीत?"

"तुझ्या नवऱ्याला सांगितलंस?"

"त्याला सांगून? गोळा होऊन बसला असता."

मावशीला हसू आलं आणि तेच तिला नको होतं. ती फणकारली. "आणि मघाशी काय उचलली जीभ आणि लावली टाळ्याला? माझं पाप तुझ्या डोक्यावर घ्यायला मी सांगितलं होतं? वरचा थर कुणाचा ते तुलाही कळतं, मलाही कळतं."

"कळतं म्हणूनच म्हटलं. मी बटणं काढीन की. मला अजून पंचवीस वर्षं पडली आहेत, येईन परत फिरून. तुम्ही त्या टेबलाला गेलात तर चार दिवसांत अंथरूण धराल. नाहीतर घरी माझ्या चपात्या आवळून बघाल, उठतात का परत म्हणून."

"चपात्या तुझ्या उठत नाहीतच."

"बघा, सुरू झालं."

सुनेचे डोळे भरले होते, पण आवाज जागचा हलला नव्हता. मावशीच्या मनात आलं, ओलं झाल्यावर जास्त बळ धरतं ते सुती. आठ वर्षं आपण हिला भलत्याच पिंजऱ्यात टाकून ठेवलं होतं. पण हे असलं काही तोंडावर बोलायची तिला सवय नव्हती. ती म्हणाली, "जेवून घे. गार झालं तर मलाच दोष देशील." आणि स्वतः न जेवता उठली.

मुकादम त्याच्या काचेच्या खोपटात वही पुढ्यात घेऊन चहा पीत होता. मावशीनं जळका काळा गोळा त्याच्या वहीवर ठेवला.

"वरचा थर माझा आहे. सुनेनं भरलेला तळाला आहे, तो उघडून बघ, एक केस सापडला तर सांग."

मुकादमानं गोळ्याकडं बघितलं, मग दाराकडं, मग उठून दार लावलं. "मावशी, बसा. हे तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची. गिरणीत तीन गाठींची पट्टी बघून गठ्ठा न उघडता घेतात. तुमचा हात म्हटलं की कुणी विचारत नाही. उद्या मी काय सांगू, की मावशीचा हात गेला? पोरगी तरुण आहे, तिनं कबूल केलंय, सहा महिन्यांनी मीच तिला परत आणतो. शब्द देतो."

"तुझा शब्द मला नको. टाचणी दे."

"आता टाचणी कशाला?"

"दे म्हणते ना."

त्यानं कागदाची टाचणी काढून दिली. मावशीनं ती डाव्या हातात धरली आणि उजव्या अंगठ्याच्या पेरात सरळ आत घातली, अर्ध्यापर्यंत. मुकादमाचा पेला कलंडला, चहा वहीवर. मावशीचा चेहरा होता तसाच होता. तिनं टाचणी काढली, पदराला पुसली आणि त्याच्यापुढं ठेवली. रक्ताचा एक थेंब सावकाश वर आला.

"हा हात लोकर ओळखतो म्हणून तू गिरणीला सांगणार आहेस का?" ती म्हणाली. "आज एक गठ्ठा परत आला. असाच झाकलास तर दहा येतील. मग पट्टीला लाल म्हण, हिरवी म्हण, कोण विचारणार आहे?"

मुकादम चहा पुसत राहिला. वहीची दोन पानं गेली होती. शेवटी म्हणाला, "पण मग नियम तुम्हालाही लागणार, मावशी."

"मग काय तुला लागणार? नियम कुणी केला होता?"

"आणि टेबल?"

"ते तुझं तू बघ. पण अख्ख्या शेडमध्ये एक केस चोळून मूळ-शेंडा सांगणारी बाई एकच उरली आहे, आणि तिला तू बटणांना बसवायला निघाला आहेस. तुझ्या डोक्यात काय भरण भरलंय ते एकदा जाळून बघायला पाहिजे."

बाहेर आल्यावर तिनं ते सगळ्यांदेखत सांगितलं. खोपटात एक आणि शेडमध्ये एक असं तिला जमत नव्हतं. बायका डबे धूत होत्या. एकीनं "अगं बाई" म्हटलं, दुसरीनं तिला कोपरानं गप्प केलं. मावशी लोकरीच्या टेबलापाशी गेली, आपली कात्री आणि पाण्याची बाटली उचलली आणि दाराकडच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. बाकावर जागा नव्हती. भिंगवाली बटणं काढत होती. तिनं वर बघितलं नाही.

"सात वर्षांपूर्वी मी तुझ्यापाशी येऊन विचारायला पाहिजे होतं, कसं झालं म्हणून," मावशी म्हणाली. "विचारलं नाही."

भिंगवालीनं एक बटण कापलं, डब्यात टाकलं. दुसरं कापलं. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं," ती म्हणाली. "चष्म्याचा नंबर वाढला होता. नवा करायला दीड महिना लागला." मग तिनं कुल्ल्यानं शेजारणीला ढोसलं आणि बाकावर वीतभर जागा झाली. "उद्या येणार ना? इथं वारा फार येतो. डोक्याला काहीतरी बांधून या."

मावशीनं कात्री तिथं ठेवली. पण बसायला तो दिवस मोकळा नव्हता. संध्याकाळच्या ट्रकच्या आत परत आलेला गठ्ठा निवडायचा होता, आणि वास लागलेल्या मालावर एकट्या बोटांनी भागलं नसतं. केस चोळून संशय आला की धागा जाळून खात्री करायला हवी होती. मुकादमानं दोन माणसं लावून गठ्ठा आणि एक मोडकं टेबल टाकीपाशी नेऊन दिलं. बादली भरून ठेवली. वर काडेपेटीचं अख्खं पुडकं.

सून टेबलाच्या अल्याड, मावशी कट्ट्यावर पल्याड. सून केस ओढायची, चोळायची, लोकर असेल तर उजवीकडं टाकायची. जिथं बोट अडखळेल तिथं धागा तोडून सासूकडं द्यायची. मावशी डाव्या हातात चिमटा धरायची. उजव्या हातानं काडी ओढताना दोनदा काडी पडली. मग तिनं हात बदलला.

"हा?"

"जळलेले केस. लोकर."

"हा?"

"वितळा मेला."

"आणि हा, आई? हा अर्धा इकडं सरकतोय, अर्धा जागेवरच फिरतोय."

"सरमिसळ आहे. दोन्ही कातून एकत्र वळलेलं. बघ, आधी भसकन पेटला, मग विझायला बघतोय. राख चुरतेय, पण आत खडा लागेल. चुरून सांग."

सुनेनं राख चुरली. "लागला."

"मग तिसऱ्या टेबलाला. अर्धी लोकर म्हणजे लोकर नाही. गिरणी ती घेणार नाही."

दुपार कलली. कट्ट्यावर काळ्या खड्यांची रांग लागली. वरचा हातभर थर निघाला आणि खाली सुनेचे आठ दिवस लागले. तिथं धागा जाळायची वेळ क्वचित येऊ लागली. तरी मावशीनं प्रत्येक थरातले चार-चार मागून घेतले.

"माझ्यावर विश्वास नाही का?" सून म्हणाली.

"तुझ्यावर आहे. ताडपत्रीवर नाही, ती आधीच्या ट्रकलाही फाटलेली असेल. हा माल पडला तो ढीग भिंतीला टेकून होता का, मोकळ्या जमिनीवर?"

"भिंतीला."

"मग भिंतीपाशी ओल धरून राहिली असेल, त्यातले आठ दे. आणि हात पुस आधी, राख लागली आहे. राखेच्या बोटांना काही कळत नाही."

सुनेनं हात पुसले आणि पुढचं स्वेटर ओढलं. मावशीनं काडी पेटवली.